छोटं लिनक्स आणि रात्री साडेदहाचा फोन

(पॉडकास्टच्या या भागाचं लेखी रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

मागे कुणाचा तरी स्पीकर ऐकू येत असेल, तर तो मी बंद करू शकत नाही. हा भाग वरळी कोळीवाड्यात, आमच्या घराच्या माळ्यावर रेकॉर्ड करतोय. इथे दोन घरांमधून एक माणूस आडवा होऊन जाईल एवढीच गल्ली असते. त्यामुळे शेजारच्या घरातला कुकर आपल्याच घरात शिट्टी मारतो. सांभाळून घ्या.

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, की दादा, तुम्ही मित्रांनी मिळून स्वतःचं लिनक्स बनवलं होतं म्हणे, त्याचं काय झालं? लिंक द्या. तर लिंक देणार नाही. ते आम्ही बंद केलं. का बंद केलं, ते आज सांगतो.

सुरुवात २०२० पासून. त्या मार्चच्या शेवटी कोळीवाडा सील झाला. मुंबईत कोरोनामुळे अगदी सुरुवातीला जे भाग बंद झाले, त्यातला हा एक. शाळा मोबाइलवर आली आणि घरात मोबाइल एक, पोरं तीन. पुढे रस्ते उघडल्यावर ज्याला जमेल त्याने लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड लॅपटॉप आणला. दोन जीबी रॅम, फार तर चार. जुनी फिरती हार्ड डिस्क. त्यात आमच्याकडचा खारा वारा, तो कुठलंही यंत्र सोडत नाही. विंडोज सुरू करून चहा टाकायचा, चहा पिऊन झाला की डेस्कटॉप यायचा. अतिशयोक्ती नाही करत, मी स्वतः चहा प्यालोय.

आणि आता १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, ठरावीक पिढीच्या पुढचा प्रोसेसर लागतो. आमच्या गल्लीतल्या निम्म्या मशीन तिथेच बाद. लॅपटॉप चालू आहे, कीबोर्ड ठीक आहे, पोरगी त्यावर टायपिंग शिकतेय, पण कागदोपत्री तो म्हातारा. अशा लॅपटॉपवर हलकं लिनक्स टाकायचं, ही कल्पना काही आमची नव्हे. जगभर लोक हे करतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन मिनिटं. लिनक्स म्हणजे खरं तर फक्त कर्नल, आतला गाभा. त्याच्याभोवती खिडक्या, ब्राउझर, प्रिंटरची सोय, फॉन्ट असं सगळं रचून जे हातात मिळतं, ते डिस्ट्रिब्यूशन. लोक डिस्ट्रो म्हणतात. डेबियन हे त्यातलं जुनं आणि मोठं, १९९३ पासूनचं, स्वयंसेवकांनी चालवलेलं, हजारो पॅकेजेस असलेलं. ससून डॉकला पहाटे अख्खा दर्या उतरतो, पण मावशीच्या पाटीत काय जाणार ते मावशी ठरवते ना, तसं. छोटे डिस्ट्रो बहुतेक वेळा अशी पाटी असतात. मासे डेबियनचे, निवड आपली.

आमची पाटी आम्ही तिघांनी भरली. दोन मित्र आणि मी. डेबियनचंच लाइव्ह-बिल्ड नावाचं साधन आहे. त्याला यादी द्यायची, ते पेनड्राइव्हवर टाकता येईल अशी फाइल बनवून देतं. ओपनबॉक्स नावाचा अगदी साधा विंडो मॅनेजर घेतला, खाली एक पट्टी, एक ब्राउझर, एक फाइल बघायचं साधन. बस. नाव ठेवलं, लोगो काढला. लोगोवर पंधरा दिवस भांडलो, ते वेगळं.

आणि मग चढली ती साइझ कमी करायची झिंग. ज्याने केलंय त्याला कळेल. एक पॅकेज काढलं की फाइल वीस एमबीने घटते, मग दुसरं काढावंसं वाटतं. या खेळाला इतिहास आहे. डॅम स्मॉल लिनक्स नावाचं डिस्ट्रो होतं, जॉन अँड्र्यूज यांचं. नियम एकच, ५० एमबीच्या वर जायचं नाही. व्हिजिटिंग कार्डाएवढ्या सीडीवर मावायचं. आमच्यासारख्यांसाठी ती दंतकथाच. २०२४ मध्ये अँड्र्यूज यांनी ते पुन्हा सुरू केलं आणि मर्यादा ठेवली ७०० एमबी, म्हणजे एक पूर्ण सीडी. पन्नासवरून सातशे! आजचे ब्राउझरच तेवढे सुजलेत. पण त्या नव्या आवृत्तीतली एक गोष्ट बघा. जागा वाचवायला त्यांनी भाषा काढल्या. इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज अशा मोजक्या ठेवल्या. त्यांना दोष देत नाही. सातशे एमबीत कुणाला तरी उतरवावंच लागतं, आणि त्यांनी ते उघडपणे सांगितलंय.

आम्ही उघडपणे सांगितलं नाही, कारण आम्हाला कळलंच नव्हतं.

झालं काय, की एखादं पॅकेज टाकलं की ॲप्ट त्याच्यासोबत आणखी काही सुचवलेली पॅकेजेस आणतं. ती 'रेकमेंड्स'ची सोय बंद केली की फाइल झटकन लहान होते. आम्ही बंद केली. वर लोकलपर्ज नावाचं साधन चालवलं, ते नको असलेल्या भाषांच्या फाइली उडवतं. साइझ बघून आम्ही वडापाव मागवले. टेस्टिंग केलं म्हणजे काय केलं, तर यूट्यूब लावलं, मेल उघडला, दोन मराठी बातम्यांच्या साइट्स उघडल्या. सगळं छान. नऊ लॅपटॉपवर टाकलं आणि वाटून मोकळे झालो.

साधारण तीन आठवड्यांनी रात्री साडेदहाला फोन. दोन गल्ल्या सोडून राहणारी मुलगी, बारावी झालेली. भरतीचा ऑनलाइन फॉर्म, शेवटची तारीख तीच, रात्री बारापर्यंत. म्हणाली, "दादा, फॉर्म उघडतोय पण मराठी सगळं चौकोन चौकोन दिसतंय. मोबाइलवर फोटो अपलोड होत नाही, म्हणून लॅपटॉप घेतला."

मी म्हटलं, चौकोनात काही लिहिलंय का?

"हो, बारीक आहे. वर शून्य नऊ, खाली तीन शून्य."

मंडळी, मी तिथेच माळ्याच्या जिन्यावर बसलो. ०९३० म्हणजे युनिकोडमधलं 'र'. ब्राउझरला अक्षर कळत होतं, पण काढून दाखवायला फॉन्टच नव्हता, म्हणून तो बिचारा त्या अक्षराचा नंबर दाखवत होता. कोळीवाड्यात वाटायला जे लिनक्स आम्ही बनवलं, त्यात देवनागरी फॉन्ट नव्हता. बातम्यांच्या साइट्स आपला फॉन्ट स्वतःच सोबत पाठवतात, म्हणून आमच्या टेस्टिंगमध्ये ते झाकून गेलं. या फॉर्मच्या साइटने पाठवला नव्हता.

मी तेव्हा कामावरून परत येत होतो असं सांगायला आवडलं असतं, पण मी घरीच होतो आणि ती आजीकडे विरारला होती. म्हणजे जे काही करायचं ते फोनवर. हॉटस्पॉट तिच्या आजोबांच्या मोबाइलचा. टर्मिनल उघडायला लावलं. "काळी खिडकी आली का? आता लिही, सूडो, मग रिकामी जागा, मग ॲप्ट, रिकामी जागा…" एकेक अक्षर सांगतोय. फॉन्ट्स, आडवी रेघ, लोहित, आडवी रेघ, देवा. देवा म्हटल्यावर ती हसली. मग पासवर्ड मागितला त्याने. आणि दोन मिनिटं शांतता.

"दादा, कीबोर्ड बंद पडला. काही उमटतच नाही."

टर्मिनलमध्ये पासवर्ड टाकताना काहीही उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. मुद्दाम तसं आहे. मला ते इतकी वर्षं माहीत होतं, की हे सांगायची गोष्ट आहे हेच मी विसरलो होतो. "उमटणार नाही, आंधळेपणाने टाक आणि एंटर मार." तिसऱ्या प्रयत्नात जमलं. ब्राउझर बंद करून उघडला आणि फॉर्म मराठीत आला. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी सबमिट झाला.

तो फॉन्ट किती मोठा, तर तुमच्या मोबाइलवरच्या एका फोटोपेक्षा लहान. तेवढा वाचवून आम्ही वडापाव खाल्ले होते.

या लोहितबद्दल थोडं सांगतो, कारण त्याची मुळं आपल्याकडची आहेत. लोहितचे मूळ फॉन्ट पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने तयार केले, आणि रेड हॅटने २००४ मध्ये ते मोकळ्या परवान्याखाली सगळ्यांसाठी खुले केले. लोहित म्हणजे लाल, टोपीचा रंग घेतलाय. त्याच्याही आधी, २००० च्या सुमाराला, प्रकाश अडवाणी आणि वेंकटेश हरिहरन यांनी इंडलिनक्स सुरू केलं होतं. हेतू हा, की भारतीय भाषांत कॉम्प्युटर चालावा. जी. करुणाकर यांनी त्याचं काम वर्षानुवर्षं सांभाळलं. तेव्हा मेनूमधला एकेक शब्द बसून भाषांतरित करणारी माणसं होती, पगाराशिवाय. आम्ही लोकलपर्ज चालवून ते काम चार सेकंदांत पुसलं. वाईट वाटलं ते जास्त याचं.

आणि फॉन्ट असून भागत नाही, अक्षरं जुळणंही लागतं. दर्या म्हणजे समुद्र. दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. फरक फक्त त्या 'र'चा, एकात रफार, दुसऱ्यात ती पापणीसारखी तिरकी रेघ. हिंदीला ही रेघ लागत नाही, मराठीला लागते. बसवणाऱ्याने मराठीचा वेगळा विचार केला नसेल, तर आमच्या गावातली बोट डोंगरात जाते. हे कुणीतरी मराठी माणसाने बघून, चूक कळवून, दुरुस्त होईपर्यंत मागे लागल्याशिवाय होत नाही. लंडनला बसलेल्याला ते दिसणारच नाही, आणि त्याचा त्यात दोष नाही.

त्या रात्रीनंतर आमच्यात पहिला खरा वाद झाला. एक मित्र म्हणाला, फॉन्ट टाकू, नवी आवृत्ती काढू. मी विचारलं, नऊ जणांकडे जाऊन पुन्हा कोण टाकणार? आणि पुढचा फोन कोण उचलणार? तू नाइट शिफ्टला, हा पुण्याला. प्रिंटरची सोय आम्ही काढली होती, त्याचे फोन सुरू झालेच होते. ब्लूटूथ काढलं होतं. जे जे आम्ही पाटीतून काढलं, ते नाहीसं झालं नव्हतं. ते फोन होऊन परत येत होतं.

तेव्हा मी क्रंचबँगचं सगळं परत वाचलं. आमचा ओपनबॉक्सचा हट्ट तिथूनच आलेला. फिलिप न्यूबरो या ब्रिटिश माणसाने २००८ मध्ये सुरू केलेलं, आधी उबुंटूवर, नंतर डेबियनवर उभं. काळा डेस्कटॉप, आयकॉन नाहीत, पडद्याच्या कोपऱ्यात कीबोर्डच्या शॉर्टकटची यादी. लोकांचा जीव होता त्याच्यावर. ६ फेब्रुवारी २०१५ ला त्याने जाहीर केलं, की मी थांबतोय. पैसे संपले, भांडण झालं असं काही नाही. त्याचं म्हणणं एवढंच, की आता साधं डेबियनच इतकं चांगलं झालंय की माझ्या वेगळ्या डिस्ट्रोने लोकांना फारसा फायदा नाही, आणि केवळ आठवणींसाठी ते चालवणं बरोबर नाही. इतकं प्रामाणिक जाहीर करायला छाती लागते. मला तर लोगो पुसायलाही जड जात होतं.

पण पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची. वापरणारे गेले नाहीत. त्यांच्यातल्याच काही जणांनी बन्सनलॅब्स उभं केलं, अजून चालू आहे. आवृत्त्यांना मूलद्रव्यांची नावं: हायड्रोजन, हीलियम, लिथियम करत २०२४ च्या जानेवारीत बोरॉन आली. म्हणजे बनवणारा थांबला तरी एकमेकांना उत्तरं देणारी माणसं शिल्लक होती, आणि त्यांना पाटी पुन्हा भरता आली. आमच्याकडे उलटं होतं. पाटी होती, उत्तरं देणारा मी एकटा.

एकट्यावर असलं की काय होतं, याचे दोन किस्से पटकन. व्हॉइड लिनक्स, हेही हलकं आणि चांगलं. २०१८ मध्ये त्याचा संस्थापक संपर्काबाहेर गेला. महिनोनमहिने उत्तर नाही. वेबसाइटचं नाव त्याच्या ताब्यात, कोड ठेवलेल्या जागेच्या चाव्या त्याच्याकडे. बाकीच्यांना नवं नाव घेऊन, सगळं उचलून दुसरीकडे मांडावं लागलं. नाखवा होडीची किल्ली घेऊन गावाला गेला, आणि खलाशी धक्क्यावर उभे!

दुसरा किस्सा जास्त भीतीदायक. एक्सझेड नावाचं फाइल दाबून लहान करायचं साधन, जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असतं. ते लासे कॉलिन नावाचा एक माणूस फावल्या वेळात सांभाळायचा. २०२२ मध्ये काही 'वापरकर्ते' त्याच्या मागे लागले, की तू फार हळू आहेस, दुसऱ्याला काम दे. तो स्वतःच्या तब्येतीशी झगडत होता. मदतीला आलेल्या 'जिया टॅन' नावाच्या माणसाला त्याने हळूहळू अधिकार दिले, आणि त्या नावाने २०२४ मध्ये आत चोरदरवाजा घातला गेला. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला लॉगिन अर्धा सेकंद उशिरा होतंय असं जाणवलं, म्हणून २९ मार्च २०२४ ला ते उघडकीला आलं. ते ओरडणारे वापरकर्ते बहुतेक खोटे होते असं आता मानलं जातं. पण त्यांची भाषा कुणाला खोटी वाटली नाही, कारण खरे वापरकर्तेही तसंच बोलतात. हे ऐकून मी माझे जुने मेसेज उघडून बघितले, मी कुणाकुणाला काय लिहिलं होतं ते. दोन जणांची माफी मागितली.

आता तुम्ही म्हणाल, मग लॅपटॉपचं काय? तेच सांगतो.

आमचं डिस्ट्रो नाही, पण काम चालू आहे. आता आम्ही सरळ डेबियन टाकतो, किंवा मशीन फारच जुनं असेल तर बन्सनलॅब्स. डेबियन १२ पासून, म्हणजे २०२३ पासून, वायफायच्या चिपला लागणारं फर्मवेअर त्यांच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्येच येतं. त्यासाठी २०२२ मध्ये त्यांनी आपसांत मतदान घेतलं होतं. आधी वायफायसाठी मी अर्धा रविवार घालवायचो. बत्तीस बिटवाले अगदी जुने नेटबुक असतील, तर ऐका, डेबियन १३ ने त्यांचा इन्स्टॉलर बंद केलाय, १२ हा शेवटचा. अशा मशीनवर जीव लावू नका. आणि ज्यांच्याकडे थोडा खर्च करायची सोय आहे, त्यांनी डिस्ट्रो बदलायच्या आधी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका. माझ्या अनुभवात कुठल्याही हलक्या लिनक्सपेक्षा त्याने जास्त फरक पडतो. हे सांगितलं की लिनक्सवाले रागावतात, रागावू देत.

आमचं स्वतःचं असं आता एकच आहे, एक यादी. लोहित फॉन्ट, आयबस आणि त्यात मराठी टायपिंगच्या सोयी, इनस्क्रिप्ट आणि ज्यांना सवय आहे त्यांना गमभन, प्रिंटरची सोय, पीडीएफ वाचायचं साधन. डेबियनवर ही यादी एका आज्ञेने बसते. मूळ सिस्टमचे अपडेट डेबियनचे लोक बघतात, ते आमच्यापेक्षा खूप जास्त आहेत आणि रात्री झोपतातही आळीपाळीने. यादीत काही चुकलं तर ती एक ओळ बदलायची.

आणि एक कागद. मराठीत, एका पानाचा, लॅपटॉपच्या झाकणाला आतून चिकटवलेला. पहिलीच ओळ: काळ्या खिडकीत पासवर्ड उमटत नाही, घाबरू नका. दुसरी: 'चालत नाही' असं सांगू नका, पडद्यावर काय लिहिलंय ते जसंच्या तसं वाचून दाखवा. त्या रात्री तिने 'शून्य नऊ, तीन शून्य' वाचून दाखवलं नसतं, तर मी इंटरनेटच तपासत बसलो असतो बारा वाजेपर्यंत.

तो कागद तिनेच लिहिलाय. मी लिहिलेला पहिला खर्डा तिने वाचला आणि म्हणाली, "दादा, हे तुलाच कळेल." भरतीत तिचं नाव आलं नाही, ते खरंच आहे. पण आता रविवारी संध्याकाळी आमच्या ओट्यावर दोन टेबलं लागतात, एक माझं आणि एक तिचं. आयाबाया तिच्याच टेबलाला जातात. एका मावशीने परवा तिला विचारलं, "बाय, ह्याच्यात माझ्या पोराच्या लग्नाची शूटिंग दिसंल ना?" तिने आधी शूटिंग लावून दाखवली, मग इन्स्टॉल केलं. मी कायम उलट करायचो.

सध्या अडलेलं काम सांगतो, कुणाला जमत असेल तर कळवा. दोन साध्या प्रोग्रामच्या मेनूत मराठी अर्धवट आहे, काही ओळी मराठी, काही इंग्रजी. भाषांतर करायला प्रोग्रामिंग यावं लागत नाही. 'सेव्ह'ला 'जतन करा' म्हणायचं की 'सेव्ह करा', यावर आमच्या दोन टेबलांमध्ये चार रविवार वाद चालू आहे. तिसरं मत हवंय.

आणि जे रविवारी येणार आहेत त्यांनी आठ जीबीचा पेनड्राइव्ह आणा. रिकामा आणा. गेल्या वेळी एकाने हळदीचे फोटो असलेला दिला होता. मी विचारलं, 'पुसू का?' तर तो मोबाइलमध्ये बघत 'हो' म्हणाला.